जुन्या गाडीचा पत्रा आणि आवरता हात

हंगाम बंद झाला, शेवटच्या ट्रॉल्या यार्डातून रिकाम्या बाहेर पडल्या आणि गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांचा हंगाम सुरू झाला. कुणाच्या ट्रॉलीचा फाळका निखळलेला, कुणाच्या ड्रॉबारला तडा गेलेला, कुणाचे मडगार्ड फडात चेपलेले. मृगाच्या आत ही डागडुजी उरकायची, ही आपली रीत. या दिवसांत आम्ही या पानावर खोडव्याची निगा, पाचटाची कुट्टी, हिरवळीचे खत असले विषय घेतो. यंदाही ते आतल्या पानांवर आहेतच. या पानावर मात्र विषय आहे गाडीच्या पत्र्याचा, आणि त्याला कारण झाले आपले एक तरुण सभासद.

गेल्या उन्हाळ्यात ते बिलाच्या चौकशीला ऑफिसात आले होते. चौकशी झाली, चहा झाला आणि उठता उठता त्यांनी खिशातला मोबाईल काढून आमच्यापुढे धरला. "साहेब, तुम्हास्नी गाड्यांतलं कळतं म्हणत्यात. ही बघा." मुखपत्राचे काम हाती घेण्यापूर्वी आम्ही काही वर्षे वाहन विभागात होतो, त्याचे हे भांडवल. फोटोत एक अमेरिकन पिकअप होते. नारिंगी रंग, आरशासारखा पत्रा, टप कापून बुटका केलेला, अंग जमिनीला टेकायच्या बेतात. "आमची अशी करायची हाय. साडेतीन लाख सांगितल्यात शहरातल्या गॅरेजवाल्यानं."

त्यांची गाडी आम्हाला ठाऊक होती. उंच बॉनेटची महिंद्राची जीप, लांब चासीची, पुढे पत्र्याचे केबिन आणि मागे हौदा. वडिलांनी १९७८ साली घेतली. केबिन आणि हौदा तालुक्याच्या गावी बांधून घेतला. इंजिन मागेच डिझेलचे बसवून त्याची आरसी बुकात नोंद करून घेतलेली. या गाडीतून बेणे गेले, खताची पोती गेली, बाळंतिणी दवाखान्यात गेल्या आणि अख्ख्या भावकीचे वऱ्हाड गेले. वडील वारले. मागे दोघा भावांत रान वाटून झाले, पण गाडी सामाईक राहिली, कारण गाडीची वाटणी करायची कशी? धाकट्याचे मत, भंगारात घालावी आणि आलेले पैसे निम्मे निम्मे घ्यावे. थोरल्याचे मत, तिला फोटोतल्यासारखी करावी. साडेतीन लाख तो खोडव्याच्या बिलातून काढणार होता. आणि त्याच बिलाला आईने विहिरीचा गाळ काढायचे नाव लावून ठेवले होते.

म्हणजे प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हता. आम्ही म्हटले, "आधी गाडी बघू. कापायचं काय ते मग ठरवू."

फोटोतली गाडी कुठून आली

त्या नारिंगी गाडीचे मूळ शोधायला गेले तर ते शेतकऱ्याच्याच दारात निघते. अमेरिकेतला शेतकरी मोटार घेई, तिचा मागचा भाग काढून तिथे फळ्यांची पेटी ठोकी आणि माल बाजाराला नेई. हे पाहून फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या मॉडेल टी गाडीला पोलादी हौदा लावून ती कारखान्यातूनच विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. दुसरे महायुद्ध संपल्यावर शेवरलेने १९४७ साली नव्या घाटाचे पिकअप काढले, १९४८ साली फोर्डची एफ मालिका आली आणि १९५३ साली तिच्यातली एफ-१००. गोल फुगीर मडगार्ड, जाड पत्रा, साधी यंत्ररचना. शेतावर राबून राबून या गाड्या जुन्या झाल्या, स्वस्त झाल्या आणि तरुण पोरांच्या हाती लागल्या.

कॅलिफोर्नियात मोटारींच्या पत्र्याची कारागिरी तोवर चांगली वाढली होती. बॉनेटवरचे चिन्ह काढून त्याची भोके बुजवायची. दाराच्या मुठी काढून दार सपाट करायचे. हेडलाईट मडगार्डात आत ओढून बसवायचे. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे टप कापायचा. त्या काळी खड्डे आणि सांधे भरायला वितळवलेले शिसे वापरीत, आणि काही गाड्यांच्या अंगावर ते इतके चढे की त्यांना 'लेड स्लेड', म्हणजे शिशाची घसरगाडी, असे नावच पडले.

टप कापणे म्हणजे काय, ते आम्ही या सभासदांना एक टोपली घेऊन समजावले. टोपली पालथी घाला. मधली चार बोटांची पट्टी कापून काढा. आता वरचा भाग खालच्या भागावर ठेवून बघा. तोंडे जुळणार नाहीत, कारण टोपलीच्या बाजू उभ्या नाहीत, कलत्या आहेत. केबिनचे खांबही तसेच कलते. म्हणून टप खाली आणला की तो लांबी-रुंदीतही वाढवावा लागतो, म्हणजे मधोमध चिरून पत्रा जोडायचा. मग काचा. सपाट काच कापता येते, पण १९५६ च्या एफ-१०० ची पुढची काच दोन्ही अंगांना वळलेली आहे, ती कापताना हमखास तडकते. मग दारांच्या चौकटी, मग रबर, मग पावसाच्या पाण्याची पन्हाळ. एका बदलाच्या मागे दहा बदल दारात येऊन उभे राहतात आणि प्रत्येकाचे बिल वेगळे.

जॉर्ज बॅरिस हा तिकडचा नावाजलेला कारागीर. त्याने १९५६ च्या एका शेवरले पिकअपचे 'कॉपर कार्ट' केले. टप कापला, अंगाचा घाट बदलला आणि नावाप्रमाणे जागोजागी तांब्याचा मुलामा दिला. ती त्याच्या दुकानाची चालती जाहिरात होती आणि जाहिरात म्हणून ती फक्कड होती. पण तिच्या हौद्यात पोते टाकायला कुणाचा हात धजला असता असे वाटत नाही.

याच्या उलट उदाहरण १९५५ चे. त्या साली शेवरले कंपनीनेच कॅमिओ कॅरियर नावाचे पिकअप काढले. त्यात केले काय, तर हौद्याच्या दोन्ही बाजूंना फायबरग्लासचे सपाट पत्रे लावले आणि बाहेर फुगलेली मागची मडगार्डे झाकून हौदा केबिनच्या रेषेत आणला. मुख्य बदल एवढाच. पण गाडी बघताना नजर बॉनेटपासून फाळक्यापर्यंत कुठेही न अडखळता जाते. दोन वर्षांत फोर्डने पोलादी पत्र्यात तसाच सपाट बाजूंचा हौदा आणला, आणि आजच्या पिकअपचा हौदा त्याच वळणाचा आहे.

आपल्या सभासदांच्या गाडीचे घराणेही अमेरिकेतलेच, पण गरीब शाखेतले. जीप बनवणारी टोलेडो शहरातली विलीज कंपनी. महायुद्धानंतर तिला मोठे पत्रे खोल दाबून देणारा कारखाना मिळेना. मिळाला तो घरगुती उपकरणांचे पत्रे दाबणारा, आणि त्याच्या प्रेसमध्ये सहा इंचांपेक्षा खोल दाब निघत नसे. ब्रूक्स स्टीव्हन्स या रचनाकाराने ती अडचण पोटात घालून १९४६ ची वॅगन आखली. सरळ बाजू, सपाट मडगार्ड, फुगवटा म्हणून नाही. १९४७ चे विलीजचे पिकअप त्याच पत्र्यातून निघाले. याच विलीजची जीप महिंद्रांनी आपल्याकडे आणली. उंच बॉनेटचे मॉडेल अमेरिकेत १९५३ ला आले, आणि बॉनेट उंच का, तर नवे इंजिन उंचीला जास्त होते म्हणून. अमेरिकेत ते मॉडेल १९६८ ला थांबले, आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षे चालले.

हे सगळे सांगायचे कारण असे की, फोटोतली गाडी आणि दारातली गाडी यांचा बांधाच वेगळा. एफ-१०० चे अंग गोलसर, तिचा टप थोडा खाली आला तर तिला शोभतो. उंच बॉनेटच्या जीपचा टप चार इंच कापला तर चालवणाऱ्याचे डोके टपाला लागेल. डोके वाचवायला सीट खाली घ्यावी, तर बॉनेटपलीकडचा रस्ता दिसायचा नाही. हे ऐकून आमचे सभासद गप्प झाले. पटले असे नाही, पण गप्प झाले.

लोहचुंबक

येथे आमचा स्वतःचा एक अनुभव सांगणे भाग आहे. वाहन विभागात असताना आमच्याकडे एक जुनी मोटार होती. दारांच्या खालच्या कडा गंजल्या म्हणून ती आम्ही एका गॅरेजात दिली. आठ दिवसांत गाडी नव्यासारखी होऊन आली. आम्ही खूश, शेजारी खूश. दुसऱ्या पावसाळ्यात दार लावले आणि हाताएवढा एक ढलपा खाली पडला. पत्रा नव्हताच तो! आत गंजाची चाळण तशीच ठेवून वरून बोटभर पुट्टी थापलेली होती. त्या कारागिराला दोष द्यावा, तर आम्ही तरी काय विचारले होते? 'चकचकीत झाली पाहिजे' एवढेच सांगितले होते. तेवढे त्याने करून दिले.

ही पुट्टी १९५० च्या दशकात निघाली आणि तिने शिशाला बाजूला सारले. पॉलिएस्टर राळ आणि शंखजिऱ्याची भुकटी. घासायला सोपी, स्वस्त, आणि तासाभरात काम तयार. शेवटचा हात फिरवायला ती चांगलीच, पण पाव इंचाच्या वर थापली की ती आज ना उद्या सुटते. शिवाय ती ओल शोषते, म्हणजे मागे गंज असेल तर त्याला पाणी पोचवायचे कामही तीच करते.

पुट्टी ओळखायला लोहचुंबक पुरे. कापडात गुंडाळून गाडीच्या अंगावरून फिरवावा. पत्रा असेल तिथे तो धरतो, पुट्टी असेल तिथे सोडतो. जुनी गाडी घेणाऱ्याने खिशात तो ठेवावाच. आम्ही या पिकअपवरून तो फिरवला तेव्हा बॉनेटवर तो घट्ट बसला, मडगार्डवर बसला, दारांवर बसला आणि केबिनच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवरून घसरून खाली पडला. पायाखालचे रबर उचलले तर ड्रायव्हरच्या बाजूला जमीन दिसली. त्या भोकावर वडिलांनी कधीतरी खताच्या डब्याचा पत्रा ठोकलेला होता, त्यावरची अक्षरे अजून वाचता येत होती.

थोरले सभासद त्या पत्र्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "त्या गॅरेजवाल्यानं रबर उचलून बघितलंच न्हाई." साडेतीन लाखांच्या त्या अंदाजात टप होता, नारिंगी रंग होता, रुंद चाके होती, पुढे जाड नळ्यांचे गार्ड होते. पायाखालची जमीन मात्र कुठेच नव्हती.

कायद्याचेही बोललो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसी बुकातल्या नोंदी मूळ उत्पादकाच्या नमुन्याशी जुळेनात असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा बजावले. पुढे लावायच्या जाड गार्डबद्दल डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कारवाईचे कळवले होते. धडक बसली तर ते गार्ड समोरच्या माणसाला जास्त इजा करते आणि धक्का सरळ चासीवर नेते. रंग बदलला तरी त्याची नोंद करून घ्यावी लागते. पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीचे रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवे करायचे, त्या वेळी साहेब गाडी फिरून बघतात. कापलेला टप पदराखाली झाकता येत नाही.

मळीचा उपयोग

काम गावातच करायचे ठरले. शेजारच्या गावी एक वयस्क डेंटर आहेत, हातोडी आणि डॉलीने पत्रा सरळ करणाऱ्या जुन्या पिढीतले. त्यांनी कोपरे कापून काढले, १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा कागदी फर्म्यावरून बेतला आणि थोडा थोडा टाका देत जोडला. एका दमात वेल्डिंग ओढले तर पत्रा तापून पापडासारखा वाकडा होतो. म्हणून इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये थंड होऊ द्यायचे. दोन कोपऱ्यांना चार दिवस लागले. सपाट अंगाच्या गाडीचा फायदा इथे कळला. असा कोपरा एफ-१०० ला लागला असता तर त्यांना तो ठोकून गोल करत बसावे लागले असते.

कड्या, बिजागऱ्या, फाळक्याचे खटके, पुढच्या जाळीच्या पट्ट्या यांच्यावर गंजाचा थर होता. डेंटर ॲसिड आणा म्हणाले. आम्ही मळी सुचवली. सभासदांना हे नवल वाटेल, पण परदेशात जुनी यंत्रे आणि गाड्या दुरुस्त करणारे लोक गंज काढायला मळीच वापरतात. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात. लोखंडाचे भाग पूर्ण बुडवून ठेवायचे आणि आठ-पंधरा दिवस विसरायचे. मळीतली द्रव्ये गंजाला धरून पाण्यात उतरवतात, निरोगी लोखंडाला मात्र फारशी लागत नाहीत. ॲसिड चांगल्या पत्र्यालाही खाते, शिवाय सांध्यात अडकून राहिले तर रंगाखाली कुरतडत राहते. पिंपातून भाग काढले की जोराच्या पाण्याने धुवायचे, उन्हात खडखडीत वाळवायचे आणि त्याच दिवशी रेड ऑक्साईड मारायचे, कारण उघड्या लोखंडावर रात्रीतून परत तांबूस झाक येते. ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताच्या ओतकामाचे भाग यात घालू नयेत, त्यांना मळी खाते. पिंपाला वास सुटतो, तो उसाच्या माणसाला सांगायला नको. वापरलेले पाणी विहिरीजवळ ओतू नये आणि जनावरांच्या तोंडाला लागू देऊ नये.

आणखी एक सूचना कळकळीने करतो. मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याची देखरेख असते. हा लेख वाचून कुणीही डबा घेऊन कारखान्यावर येऊ नये! या सभासदांनी रीतसर परवानगी काढली, आणि मळीत लोखंड भिजायला लागले त्यापेक्षा जास्त दिवस त्या कागदांना लागले.

पंधराव्या दिवशी खटके बाहेर काढले तेव्हा त्यांवर घडवणाऱ्याच्या हातोडीच्या खुणा दिसत होत्या. थोरले ते खटके घेऊन घरभर दाखवीत हिंडले. आमच्या मते टप कापायचा विचार त्यांच्या डोक्यातून खरा गेला तो त्या दिवशी. आमच्या टोपलीचे काम त्या खटक्यांनी केले.

आता काय बदलायचे याची चर्चा सुरू झाली. हौशीला अगदी बांध घालावा असे आमचे मत नाही. बेंदराला आपण बैलाची शिंगे साळतो, हिंगूळ लावतो, झूल घालतो. बैल सजतो, पण बैलच राहतो आणि दुसऱ्या दिवशी औताला जातो. थोरल्यांनी एका वहीत यादी केली होती, अठरा कलमांची. त्यातली पाच राहिली. वर्षानुवर्षे लावलेल्या आणि आता निरुपयोगी झालेल्या क्लिपा, स्टिकरच्या पट्ट्या, जादा दिव्यांचे ब्रॅकेट काढून सगळी भोके पत्र्याने बुजवली. अमेरिकेतल्या कारागिरांचे पहिले काम हेच असे, आणि खर्चाच्या मानाने गाडीचे रूप यानेच जास्त पालटते. केबिनची खालची कड आणि हौद्याची खालची कड दोन बोटे वरखाली होती, हौद्याचे ठोकळे बदलून ती एका रेषेत घेतली. पुढच्या जाळीची वाकलेली पट्टी सरळ केली. हौद्याच्या तळाला पत्र्याखाली नव्या सागवानी पट्ट्या टाकल्या. आणि फाळक्याचा बाहेरचा खटका काढून आतून उघडणारे कुलूप बसवले, म्हणजे मागून बघताना फाळका एकसंध दिसावा. हे कुलूप कोल्हापूरच्या उद्यमनगरातून करून आणले, आणि त्याचे पैसे जरा जास्तच पडले. आम्हाला ते अनावश्यक वाटले होते. पण तेरा गोष्टी सोडायला तयार झालेल्या माणसाला एक द्यावी, म्हणून आम्ही बोललो नाही.

चाके मूळ मापाचीच ठेवली. रुंद चाक मडगार्डच्या बाहेर येते, चिखल दारावर उडवते, स्टिअरिंग जड करते आणि बेअरिंगवर ताण आणते. कमानपाटे काढून गाडी खाली बसवायचे तर बोलूच नये, आपल्या पाणंद रस्त्याला ती पहिल्याच चाकोरीत टेकली असती.

भांडण झाले ते दोरीच्या कड्यांवरून. हौद्याच्या दोन्ही बाजूंना बाहेरून चार चार कड्या होत्या. थोरले म्हणाले, काढा, बाजू सपाट दिसू दे. कॅमिओ कॅरियरचे चित्र आम्हीच त्यांना दाखवले होते, त्याचा हा प्रसाद. आम्ही म्हटले, ही कामाची गाडी आहे. दोन दिवस कुणी कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी धाकटे बंधू सहज डोकावून जायला म्हणून आले. इतके दिवस ते कामाकडे फिरकले नव्हते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, केबिनच्या कोपऱ्यावर टिचकी मारून आवाज ऐकला आणि विचारले, "कड्या काढल्या तर भारा बांधायचा कशाला? तुझ्या गळ्याला?" डेंटरनी तोड काढली. कड्या हौद्याच्या आतल्या अंगाला, काठाच्या खाली बसवल्या. बाहेरून बाजू सपाट, आतून दोरी तितकीच घट्ट.

रंगाच्या बाबतीत मात्र आमचे चुकले, ते कबूल करतो. गाडीवर वरून लालसर रंग होता, त्याखाली हिरवा. आम्ही ठामपणे सांगितले, मूळचा हिरवा, तोच द्या. घासताना हिरव्याखाली करडा निघाला. पेंटर म्हणाला, तो प्रायमर. आम्हीही मान डोलावली. आई ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. त्या उठून आल्या, बोट ओले करून पत्र्यावर फिरवले आणि म्हणाल्या, "ह्यो रंगच हाय. गाडी दारात आली तवा करडीच हुती. हिरवा मागनं दिला ह्यांनी, माझ्या लुगड्यावरनं." आरसी बुक काढून बघितले. त्यातही रंग करडाच लिहिलेला. म्हणजे वडिलांनी दोनदा रंग बदलला आणि नोंद एकदाही केली नाही! करडा रंग दिल्याने तो जुना घोळही आपोआप मिटला.

खर्च एकूण एक लाख बारा हजार आला. विहिरीचा गाळही निघाला, पावसाआधी. गाडी साहेबांपुढे उभी केली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडून चासी नंबर जुळवला, दिवे-ब्रेक बघितले, केबिनच्या कोपऱ्यावरून हात फिरवला आणि कागदावर सही केली. फेरफार काय केला, असे त्यांनी विचारले नाही.

आडसाली लागणीच्या वेळी आम्ही त्या बाजूला गेलो होतो. गाडी बांधावर उभी होती, हौद्यात बेण्याच्या मोळ्या, दोरी आतल्या कड्यांना बांधलेली. धाकटे बंधू चालवायला होते. म्हणाले, खर्चातला निम्मा वाटा मी दिला, छप्पन हजार. मग थोडे थांबून म्हणाले, "त्यातनं कुलपाचं निम्मं कापून घेतलंय पर. ते त्याचं त्यानं भरावं. फाळका बाहेरनं उघडंना झालाय, दर टायमाला आत वाकावं लागतंय."